क्राक

क्राक : अव्वल खेळाडूसाठी, विशेषतः फुटबॉलपटूसाठी, रूढ असलेली पोर्तुगीज संज्ञा. ब्राझीलमध्ये उच्चार बहुधा ‘क्राकी’. स्त्री-पुरुष दोघांसाठी रूप एकच, बदलते ते फक्त उपपद. त्यामुळे पेलेप्रमाणे ब्राझीलची महिला फुटबॉलपटू मार्ताही क्राकीच.

हा शब्द इंग्रजी ‘क्रॅक’वरून आला, यावर कोशकारांचे सामान्यतः एकमत आहे, प्रश्न उरतो तो कोणत्या वाटेने आला याचा. ‘निवडक, पहिल्या प्रतीचा’ या अर्थाचे ‘क्रॅक’ हे विशेषण इंग्रजीत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आढळते. त्यामागे ‘बढाई मारणे, वाखाणणे’ हा क्रियापदाचा जुना अर्थ असावा. चार्ल्स मिलर १८९४ मध्ये इंग्लंडहून साओ पाउलोला फुटबॉल घेऊन आला, असे परंपरेने सांगितले जाते. तेव्हा तेथील इंग्रज क्लबांच्या बोलीतून शब्द थेट उचलला गेला, ही एक शक्यता. दुसरी शक्यता घोड्यांच्या शर्यतींची. शर्यतीच्या नामांकित घोड्याला इंग्रजीत व फ्रेंचमध्ये ‘क्रॅक’ म्हणत आणि पोर्तुगीज कोशांतही ‘क्राक’चा हा अर्थ खेळाडूच्या अर्थाशेजारी नोंदलेला आहे. शब्द केवळ फुटबॉलबरोबर आला असता, तर त्याच्यासोबत घोडा आला नसता. म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

पोर्तुगीज लेखनपद्धतीने इंग्रजी ‘के’ हे अक्षर दीर्घकाळ परके मानले. त्यामुळे या शब्दाच्या शेवटी ‘क्यू’युक्त वर्णरचना (craque) आली. त्याच नावाच्या अमली पदार्थाचे स्पेलिंग मात्र इंग्रजीच राहिले, त्यामुळे छापील मजकुरात घोटाळा होत नाही.

ब्राझीलच्या फुटबॉलभाषेत सर्वाधिक गोल करणारा तो ‘आर्तिल्येइरू’, म्हणजे शब्दशः तोफची. मराठी ‘गोलंदाज’ही मूळचा तोफखान्यातलाच, फरक इतकाच की, क्रिकेटमध्ये त्याच्या वाट्याला गोळा फेकणे आले, गुण मिळवणे नव्हे. सुमार खेळाडू म्हणजे ‘पेर्ना दे पाउ’, लाकडी पाय. इंग्रजी ‘एलिट ॲथलीट’ला समांतर शासकीय संज्ञा ‘आल्तू रेंदिमेंतू’ (उच्च कामगिरी) या शब्दांवर बेतलेली आहे. ब्राझीलच्या १९८८ च्या संविधानातील २१७ व्या कलमात उच्च कामगिरीच्या क्रीडेचा उल्लेख याच शब्दांत येतो.

इंग्रजीतील ‘गोट’ हे ‘सर्वकाळातील सर्वश्रेष्ठ’ या अर्थाच्या शब्दांचे आद्याक्षरी रूप मेरियम-वेबस्टर कोशात २०१८ मध्ये दाखल झाले. गंमत अशी की, अमेरिकी क्रीडाभाषेत ‘गोट’ म्हणजे पूर्वी पराभवाचे खापर ज्याच्यावर फुटे तो खेळाडू. ब्राझीलच्या मिकाएलिस कोशाने २०२३ मध्ये, पेलेच्या निधनानंतर काही महिन्यांत, ‘पेले’ हे ‘अतुलनीय’ या अर्थाचे विशेषण म्हणून स्वीकारले. क्राकप्रमाणे तेही दोन्ही लिंगांत सारखेच चालते.