लाइपझिश आणि ड्रेस्डेन: सिंह तोच, पट्टे वेगळे

जर्मनीच्या सॅक्सनी राज्यातल्या या दोन शहरांची नगरचिन्हं शेजारी ठेवली तर भलेभले गोंधळतात. उभी दुभागलेली सोनेरी ढाल, बघणाऱ्याच्या डावीकडे मागच्या पायांवर उभा काळा सिंह, उजवीकडे दोन उभे पट्टे. सिंहाची जीभ आणि नखंही दोन्हीकडे लालच. फरक पट्ट्यांच्या रंगात आहे: लाइपझिशचे निळे, ड्रेस्डेनचे काळे.

हा सारखेपणा आला वेटिन राजघराण्यामुळे. माइसेनचा मुलूख त्यांच्याकडे १०८९ साली आला आणि त्यांचं राज्य थेट १९१८ मध्ये संपलं. सिंह माइसेनचा, पट्टे लांड्सबेर्गचे. ११५६ मध्ये याच घराण्यातल्या कोनराडच्या मुलांत वाटण्या झाल्या, तेव्हा डीट्रिशला लाउझित्सचा भाग मिळाला. हाल्लेजवळचा लांड्सबेर्गचा किल्ला त्यानेच बांधला. शहरांनी आपल्या धन्याच्या या दोन्ही खुणा ढालीवर घेतल्या.

ड्रेस्डेनचे पट्टेही मुळात निळेच होते. लाइपझिशशी गल्लत नको म्हणून ते काळे झाले, आणि हा बदल ढालींच्या रंगांच्या नियमात चोख बसतो. ढालीवर धातूवर रंग चालतो, रंगावर रंग चालत नाही. सोनेरी हा धातू, त्यामुळे त्यावर निळा शोभतो तसा काळाही. फुटबॉल बघणाऱ्यांना हे लगेच लक्षात राहील: डायनॅमो ड्रेस्डेन काळा-पिवळा, लोकोमोटिव्ह लाइपझिश निळा-पिवळा.

चित्र काढताना हमखास चुकतो तो पट्ट्यांचा हिशेब. त्या अर्ध्या भागाच्या पाच सारख्या उभ्या पट्ट्या पाडायच्या. पहिली, तिसरी आणि पाचवी सोनेरी राहते, दुसरी आणि चौथी रंगवायची. निळ्यापासून सुरुवात केली की दोनाचे तीन पट्टे होतात आणि चिन्हच बदलतं. दुसरी चूक वर्णन वाचताना होते. त्यात सिंह ‘उजवीकडे’ म्हटलेला असतो, पण ही उजवी बाजू ढाल धरणाऱ्याची, म्हणजे आपली डावी.

काळ्या-पांढऱ्या छपाईत तर एकुलता एक फरकही पुसला जातो. तिथे सतराव्या शतकापासून रूढ झालेल्या रेघा कामी येतात: सोनेरीसाठी ठिपके, निळ्यासाठी आडव्या रेघा, काळ्यासाठी आडव्या-उभ्या रेघांची जाळी. भिंग लावून पट्ट्याच्या आत पाहा. नुसत्या आडव्या रेघा दिसल्या तर लाइपझिश, जाळी दिसली तर ड्रेस्डेन. त्याहून जुन्या दगडी कोरीवकामात मात्र या रेघा नसतात. रंग उडालेला असेल तर दगड कोणत्या शहरातला, एवढाच आधार उरतो.