प्रकट वाचन (प्राथमिक वर्ग)

छापील मजकूर ऐकणाऱ्याला अर्थासह पोहोचेल अशा स्पष्ट आवाजात, योग्य विराम आणि चढउतार घेऊन वाचणे म्हणजे प्रकट वाचन. मुलांना जोडाक्षरे बऱ्यापैकी जमू लागली की, साधारण दुसरी-तिसरीत, ते भावपूर्ण व्हावे अशी अपेक्षा सुरू होते. ‘भावपूर्ण’ हा शब्द मात्र फसवा आहे. भाव म्हणजे वाक्यावर वरून चढवलेला अभिनय नव्हे. कोणते शब्द एकत्र बांधायचे, कुठे थांबायचे आणि जोर कशावर द्यायचा हे मुलाला उमगले, की भाव बराचसा त्यातूनच येतो.

ही अपेक्षा जुनीच. पाणिनीय शिक्षा या उच्चारशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत: गाऊन वाचणारा, घाईने वाचणारा, डोके हलवणारा, लिहिलेले पाहून वाचणारा, अर्थ न कळता वाचणारा आणि क्षीण आवाजाचा. पाठांतराच्या त्या काळात दोष मानलेला चौथा प्रकार आज शाळेचा मुख्य उद्योग आहे. उरलेले पाच कोणत्याही तिसरीच्या वर्गात भेटतात.

विराम शिकवताना पहिली अडचण विरामचिन्हांचीच येते. मोडी लेखनात ती नव्हती, शब्दही सुटे करत नसत. इंग्रजी वळणाची चिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी व कोशकार मेजर थॉमस कँडी यांनी मराठीत रुळवली. ती उपयोगी आहेत, पण पुरेशी नाहीत. ‘राजू धावत धावत नदीकाठी गेला आणि चिंचेच्या झाडाखाली बसला.’ या वाक्यात पूर्णविरामाखेरीज एकही चिन्ह नाही, तरी वाचताना ते ‘राजू धावत धावत / नदीकाठी गेला / आणि चिंचेच्या झाडाखाली बसला’ असे पडते. नवखे मूल ‘चिंचेच्या’वर थांबते आणि अर्थ तिथेच तुटतो. षष्ठीचे रूप व त्यापुढचे नाम, विशेषण व विशेष्य, नाम व शब्दयोगी अव्यय यांच्यामध्ये थांबायचे नाही. ‘जाऊन’, ‘बघून’ अशा रूपांनंतर थांबता येते. ‘आई म्हणाली, की उशीर होईल’ यात स्वल्पविराम ‘की’च्या आधी असला तरी बोलताना आपण ‘की’नंतर थांबतो, वाचनातही तसेच करावे. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते आणि तिथपर्यंत मुलाचा श्वास संपलेला असतो. त्यामुळे ‘बसला’ गिळला जातो. म्हणून श्वास कुठे घ्यायचा हेही शिकवावे लागते.

‘प्रश्नचिन्ह दिसले की आवाज चढवा’ हा वर्गातला लाडका नियम अर्धाच खरा आहे. ‘तू येतोस?’ यात शेवटी आवाज चढतो. ‘तू कुठे गेला होतास?’ यात जोर ‘कुठे’वर येतो आणि शेवट उतरतो. ‘काय झालं?’ आणि ‘काय पाऊस पडला!’ यांतले ‘काय’ एकाच सुरात वाचले, तर मुलाला वाक्य कळलेले नाही. जोर शिकवायला ‘मी उद्या शाळेत येणार नाही’ हे एक वाक्य पुरते. ‘मी’वर जोर दिला तर दुसरे कोणी येईल, ‘उद्या’वर दिला तर परवा येईन, ‘शाळेत’वर दिला तर दुसरीकडे भेटेन.

पाठासाठी ६० ते १०० शब्दांचा, शक्यतो संवाद असलेला उतारा घ्यावा. १०० शब्दांत पाचाहून अधिक ठिकाणी मूल अडत असेल, तर उतारा सोपा करावा. अक्षरे जुळवण्यात गुंतलेल्या डोक्याला सुराकडे बघायला सवड नसते. आधी शिक्षकाचे आदर्श वाचन होते, मुले नुसती ऐकतात. मग उताऱ्यात काय घडले, कोण कोणाला बोलते, याची दोन मिनिटे चर्चा. त्यानंतर पेन्सिलीने थांब्यांवर तिरप्या रेघा आणि जोराच्या शब्दाखाली आडवी रेघ. पुढे शिक्षकामागोमाग अनुकरण वाचन, मग जोडीने वाचन. रोज १५ मिनिटे तोच उतारा तीन-चार दिवस चालवावा. शेवटच्या दिवशी रेघा नसलेल्या प्रतीवरून वाचून घ्यावे, नाहीतर मुले रेघांवरच टेकतात.

सर्वांत चिवट दोष म्हणजे हेल. सगळ्या वर्गाने एका सुरात सामूहिक वाचन फार केले, की प्रत्येक वाक्य पाढ्याच्या चालीवर जाते. उपाय असा: पुस्तक मिटायला लावून तेच वाक्य शेजारच्याला ‘सांगायला’ लावावे, मग लगेच वाचायला. दुसरा दोष ‘मोठ्याने वाच’ या सूचनेतून येतो. मूल ओरडते आणि चढउतार सपाट होतात. ‘शेवटच्या बाकाला सांग’ असे म्हटलेले बरे. प्रत्येकाने एकेक ओळ वाचण्याच्या पद्धतीत मुले आपली ओळ मोजून ठेवतात आणि बाकीचे ऐकत नाहीत. अडलेला शब्द लगेच पुरवू नये. तीन ते पाच सेकंद थांबावे.

उच्चार वेगळे हाताळावेत. ‘जग’ (दुनिया) आणि ‘जग’ (जिवंत राहा) यांतला ‘ज’ वेगळा, ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतला ‘झ’ वेगळा, पण लिपी तो भेद दाखवत नाही. तो ऐकूनच येतो. खानदेशातले मूल ‘ळ’ऐवजी ‘य’ म्हणाले, तर तो बोलीचा प्रश्न, भावाचा नव्हे. वाक्याच्या मध्यात टोकू नये.

पायाभूत साक्षरता व अंकज्ञानासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० आणि तिसरीसाठी किमान ६० शब्दांचे लक्ष्य आहे, तेही अर्थ समजून. घड्याळ लावले की शेवटची अट आधी गळते. तपासताना म्हणून शब्दसंख्येसोबत तीन गोष्टी टिपाव्यात: थांबे शब्दगटावर पडले का, क्रियापद ऐकू आले का, आणि संवादात बोलणारा बदलला तेव्हा आवाज बदलला का.