सीएमएस : आशय व्यवस्थापन प्रणाली

वेबसाइटवरचा मजकूर, फोटो, तारखा एका जागी साठवणारं आणि कोणी पान उघडलं की ते साच्यात भरून दाखवणारं सॉफ्टवेअर म्हणजे सीएमएस.

याच्या उगमाबद्दल दोन मतं दिसतात. काही जण हा धागा १९८० च्या दशकातल्या, ऑफिसचे कागद स्कॅन करून ठेवणाऱ्या सिस्टिमपर्यंत नेतात, अशा सिस्टिम बनवणारी फाइलनेट ही कंपनी १९८२ ची. दुसरं मत असं की खरी सुरुवात वेबवरच झाली, साधारण १९९० च्या दशकाच्या मध्यावर, सीनेट (CNET) या तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्या अमेरिकन कंपनीनं आपल्या साइटसाठी केलेलं काम अमेरिकेतल्याच ऑस्टिनच्या व्हिन्येट कंपनीकडे गेलं आणि स्टोरीसर्व्हर म्हणून विकलं गेलं. हे दुसरं जास्त पटतं, कारण कागद सांभाळणं वेगळं आणि साठवलेल्या मजकुरातून दर वेळी पान जुळवणं वेगळं. पुढे आजचे ओळखीचे सीएमएस आले, ड्रुपल २००१ मध्ये, बी२ या ब्लॉगच्या सॉफ्टवेअरवरून निघालेलं वर्डप्रेस २००३ मध्ये, मांबो या सीएमएसमधून फुटून जूमला २००५ मध्ये. जूमला हे नाव स्वाहिलीतलं, मूळ अरबी, म्हणजे आपल्या जुन्या दफ्तरातला 'जुमला' तोच, सगळं मिळून.

गोव्यातल्या फोंड्याकडच्या एखाद्या देवस्थानाची साइट घ्या. जत्रा तिथीवर, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी हलते. साचा तारखेच्या रकान्यातून वाचत असेल तर तिथे एकदा बदललं की मुखपृष्ठावर, जत्रेच्या पानावर सगळीकडे बदलतं. वर्डप्रेसमध्ये लेख, पानं, मेनूच्या नोंदी डेटाबेसच्या एकाच टेबलात असतात पण फोटोची फाइल मात्र फोल्डरात, म्हणून बॅकअप दोन्हींचा घ्यायचा, नुसता डेटाबेस घेतला तर जत्रेचे फोटो गेलेच समजा.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी पानाच्या वेबवरच्या पत्त्याकडे (यूआरएल) नीट बघावं. वर्डप्रेस शीर्षकावरून पानाचा पत्ता बनवतं, त्या रकान्यात २०० चिन्हं मावतात. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या वेबवरच्या नेहमीच्या पद्धतीत, ३ बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट ३ चिन्हांनी लिहिला जातो, म्हणजे एकाला ९. काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजतात, त्यामुळे 'गणेशोत्सव' एवढ्या शब्दाचीच ८१ होतात आणि साधारण २२ चिन्हांनंतर शीर्षक तुटतं. लांब मथळा असेल तर प्रकाशित करण्याआधीच छोटा पत्ता हातानं टाकावा हे बरं.

गोव्यात आणखी एक गोष्ट, मराठी आणि कोंकणी दोन्ही पानं देवनागरीत असली तर लिपीवरून भाषा कळत नाही. पानाचं वाचन करून दाखवणारं सॉफ्टवेअर भाषेचा कोड बघतं, मराठीला एमआर, गोव्याच्या कोंकणीला जीओएम, तो प्रत्येक पानाला वेगळा लावावा लागतो.