बर्बन की स्कॉच? आधी पिंपाची चौकशी करा

आमच्याकडे येणारे ग्राहक बहुधा दोन प्रश्न विचारतात: अमेरिकेची व्हिस्की बर्बन चांगली की स्कॉटलंडची स्कॉच, आणि बाटलीवर लिहिलेली वर्षे जितकी अधिक तितकी व्हिस्की सरस का? दोन्ही प्रश्नांचे उत्तर आमच्या मते एकाच ठिकाणी सापडते, ते म्हणजे व्हिस्की ज्या ओकच्या पिंपात मुरली, त्या पिंपात. हे माहितीपत्रक मद्यपानाच्या कायदेशीर वयाच्या ग्राहकांसाठी आहे आणि थोडे, सावकाश व चवीने पिणाऱ्यांना ते अधिक उपयोगी पडेल.

बर्बन अमेरिकेत कोठेही बनवता येते, मात्र तिचे मुख्य घर केंटकी राज्य आहे. तिच्या धान्यात किमान 51 टक्के मका असावा लागतो. उरलेल्या भागात सहसा राय (गव्हासारखे एक धान्य) किंवा गहू आणि थोडी माल्ट केलेली, म्हणजे मोड आणून वाळवलेली, बार्ली असते. राय अधिक असेल तर चव मिरमिरीत व मसालेदार होते; मेकर्स मार्क या बर्बनप्रमाणे रायऐवजी गहू घेतला तर ती मऊ लागते. हे मद्य नव्या आणि आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावे लागते. स्कॉचसाठी मात्र ओकचे पिंप नवे असण्याची अट नाही. मुरवण्याचे काम स्कॉटलंडमध्येच, 700 लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या पिंपात, किमान 3 वर्षे चालले पाहिजे, एवढेच तेथील कायदा सांगतो. दोन्ही देशांतील नियमांत इतर अनेक कलमे आहेत, पण चवीतला सर्वांत मोठा फरक पिंपाविषयीच्या या एका अटीतून निर्माण होतो.

नवे पिंप जाळल्यावर लाकडात काय घडते, हे वापरून झालेल्या पिंपाची फळी आडवी कापली की डोळ्यांनी पाहता येते. आतल्या बाजूला कोळशाचा काळा थर असतो, त्याच्यामागे उष्णतेने लाकडातील शर्करा करपून तयार झालेला लालसर पट्टा, आणि त्याहून खोलवर मद्य जेथपर्यंत झिरपले होते तेथे एक अस्पष्ट रेघ. कोळशाचा थर कोऱ्या मद्यातील गंधकासारखे उग्र वास शोषून घेतो. लालसर पट्ट्यातून कॅरॅमलचा गोडवा आणि रंग येतो. लाकडाला कणखरपणा देणारे लिग्निन उष्णतेने विघटित होऊन व्हॅनिलाचा गंध देते. केंटकीतील उन्हाळा कडक आणि हिवाळा थंड असल्यामुळे मद्य ऋतूंप्रमाणे प्रसरण व आकुंचन पावत या थरांत शिरते आणि बाहेर येते. म्हणूनच चार-सहा वर्षांची बर्बनसुद्धा रंगाने गडद आणि चवीने भरलेली असते. स्ट्रेट, म्हणजे किमान 2 वर्षे मुरवलेल्या, बर्बनमध्ये बाहेरून रंग घालण्यास परवानगी नसल्याने तो रंग केवळ लाकडाचा असतो, याचे आम्हांला विशेष अप्रूप वाटते.

एकदा वापरलेले पिंप बर्बनसाठी पुन्हा चालत नाही, त्यामुळे ते स्कॉटलंडला जाते. तेथे ते अनेकदा भरले जाते आणि दर खेपेला लाकूड थोडे सौम्य होत जाते. अशा पिंपात बार्लीच्या माल्टची मूळ चव, फळांचे व मधाचे गंध झाकले जात नाहीत. ग्लेनमोरंजी ओरिजिनल हे त्याचे चांगले उदाहरण आहे. याउलट स्पेनमध्ये शेरी ही तीव्र वाइन भरून तयार केलेल्या पिंपांतून सुकामेवा, मनुका आणि मसाल्यांचा दाटपणा येतो. ग्लेनड्रोनॅक त्यासाठी ओळखली जाते. स्कॉटलंडच्या आयला बेटावरील लाफ्रॉइग आणि आर्डबेग या व्हिस्कींचा धूर मात्र पिंपातून येत नाही. माल्ट वाळवताना पीटचा, म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेल्या वनस्पतींच्या थराचा, धूर दिला जातो आणि त्यातील फिनॉल, म्हणजे धुरकट वासाची संयुगे, दाण्याला चिकटतात. प्रत्येक स्कॉच धुरकट असते, हा गैरसमज आम्हांला वारंवार ऐकू येतो. प्रत्यक्षात बहुसंख्य स्कॉचमध्ये धूर नसतो किंवा अगदी नावापुरता असतो.

आता वयाकडे वळू. बाटलीवरील आकडा तीत मिसळलेल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचे वय दाखवतो, इतकेच. स्कॉटलंडच्या थंड गोदामात, जुन्या पिंपात 12 वर्षे हा ऐन बहराचा काळ ठरू शकतो. तीच 12 वर्षे केंटकीच्या गोदामाच्या वरच्या, तापणाऱ्या मजल्यावर नव्या पिंपात काढलेली बर्बन कधी अप्रतिम निघते, तर कधी लाकडाने कडवट आणि कोरडी होते. त्यामुळे या दोहोंचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये, अशी आमची स्पष्ट शिफारस आहे. खरेदी करताना आकड्याऐवजी धान्य कोणते आणि पिंप कोणते हे विचारावे.

चाखण्यासाठी बुडाशी रुंद आणि तोंडाशी निमुळता ग्लास घ्यावा, कारण त्यात गंध एकवटतो. 20 मिलिलिटर पुरेसे होतात. ग्लासात नाक खुपसून जोरात हुंगल्यास अल्कोहोलचा झणका बसतो आणि नंतर काही वेळ दुसरे काहीच कळत नाही. म्हणून ओठ किंचित उघडे ठेवून, ग्लास नाकापासून थोडा दूर धरून हळूहळू जवळ आणावा. पहिला घोट लहान घेऊन तोंडात फिरवावा आणि दुसऱ्या घोटावरच मत बनवावे. त्यानंतर पाण्याचे काही थेंब घालून पुन्हा वास घ्यावा. 2017 मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी संगणकीय प्रतिरूपाच्या आधारे दाखवले की, पाणी मिसळल्यावर ग्वायाकोल हा धुरकट गंधाचा घटक द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतो. 60 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेल्या, थेट पिंपाच्या तीव्रतेच्या व्हिस्कीला थेंबांनी भागत नाही. तिला चमचाभर पाणी लागते.

बर्फाने गंध दबतो, तरीही बर्फाला आमचा विरोध नाही. बर्बनचा गोडवा गारव्यातही टिकून राहतो, त्यामुळे एका मोठ्या बर्फाच्या खड्यावर किंवा साखर, बिटर्स (कडवट मसालेदार अर्क) आणि संत्र्याची साल घातलेल्या ओल्ड फॅशन्ड या कॉकटेलमध्ये ती फार शोभते. नाजूक स्कॉच मात्र बर्फाशिवायच घ्यावी. एकाच बैठकीत दोन्ही चाखायच्या असतील तर बर्बनच्या पिंपातील स्कॉचने सुरुवात करावी, मग बर्बन, त्यानंतर शेरीच्या पिंपातील स्कॉच घ्यावी आणि धुरकट बाटली अगदी शेवटी उघडावी, कारण पीटचा धूर जिभेवर बराच वेळ रेंगाळतो.

बाटली उभीच ठेवावी. आडवी ठेवल्यास तीव्र अल्कोहोलमुळे बूच खराब होते. तिला ऊन लागू देऊ नये. बाटलीत व्हिस्की मुरत नाही, आणि पातळी निम्म्याखाली गेल्यावर आतील हवेमुळे गंध हळूहळू मंदावतो, म्हणून उरलेली व्हिस्की लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवावी.