ऊंधा आंटा: गाडीच्या बोल्टमागची दोनशे वर्षं

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरासमोर मामाची जुनी विलिस जीप उभी असायची. दहावीच्या सुट्टीत तिचं डावीकडचं पुढचं चाक काढायचं काम माझ्याकडे आलं. पाच नट. पहिल्याला पाना लावला, जोर दिला, हलेना. पान्यावर उभा राहिलो, तरी ढिम्म. मग नळाचा पुरुषभर पाइप पान्यात अडकवला आणि सगळा भार टाकला. कट्ट असा आवाज झाला, पाना एकदम हलका झाला आणि नटासकट स्टडचा, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या बोल्टचा, तुकडा फरशीवर पडला. समोरच्या गॅरेजचे मिस्त्रीकाका हात पुसत आले. शेजारच्या स्टडचं टोक त्यांनी चिंधीने घासलं, तेव्हा त्यावर कोरलेलं रोमन लिपीतलं ‘एल’ दिसलं. मामाला म्हणाले, “भाऊ, आ तो ऊंधा आंटा छे.” म्हणजे, हा तर उलटा आटा आहे.

सोडवण्याच्या नादात मी तो नट अर्धा तास आवळत होतो. तेव्हापासून अडलेला बोल्ट समोर आला की मी आधी त्याचं कूळ शोधतो: कुठल्या देशाचा, कुठल्या काळातला, गाडीच्या कुठल्या बाजूचा. बोल्ट तुटतात ते बहुतेक वेळा हे न बघता जोर लावल्यामुळे.

मराठीत आपण आटे म्हणतो, गुजरातीत आंटा, आणि बडोद्याच्या मराठीत दोन्ही एकाच वाक्यात येतात. नटाला इथे चाकीही म्हणतात. गंमत म्हणजे शब्द घरचे असले तरी आट्यांचे मोजमाप, कोन, दिशा हे सगळं बाहेरून आलं, आणि तेही एकाच ठिकाणाहून नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत नट आणि बोल्ट ही जोडी लग्नाची असायची. एका कारागिराने कापलेला नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नसे. यंत्र उघडलं की कुठला नट कुठल्या बोल्टचा याच्या खुणा ठेवाव्या लागत. लंडनच्या हेन्री मॉडस्लेने १८०० च्या सुमारास आटे कापायचा लेथ पक्का केला. लीड स्क्रू (हत्याराला नेमक्या गतीने सरकवणारा लांब स्क्रू) आणि बदलता येणारे गिअर यांच्या जोरावर ठरलेल्या पिचचे, म्हणजे दोन वेढ्यांत ठरलेलं अंतर असलेले, आटे पुन्हा पुन्हा तसेच काढता येऊ लागले. त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने पुढची पायरी घेतली. त्याने इंग्लंडमधल्या वेगवेगळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये सर्वांसाठी एकच पद्धत मांडली: आट्याचा कोन ५५ अंश, माथा आणि तळ गोलसर, प्रत्येक जाडीला इंचामागे ठरलेले आटे. मला हे काम फार मोठं वाटतं. त्याने नवं काही शोधलं नाही, लोक आधीच जे करत होते त्याचा मध्य काढला, म्हणून लोकांनी ते मानलं.

अमेरिकेने मात्र ते मानलं नाही. फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा, सपाट माथ्याचा आटा सुचवला, कारण तो साध्या हत्यारांनी कापता येई आणि कोन तपासणंही सोपं होतं. पाव इंची बोल्टवर दोन्ही पद्धतींत इंचामागे २० आटे, त्यामुळे वरवर बघता भाऊच. अर्ध्या इंचाला मात्र व्हिटवर्थचे १२, अमेरिकेचे १३. असा नट दोन वेढे आनंदाने चढतो आणि मग रुततो. जुन्या यंत्रांत गंजाशिवाय अडलेला बोल्ट दिसला तर हा संशय घ्यावा; आधी कुणीतरी भलत्याच घराण्याचा नट दामटून बसवलेला असतो.

बडोद्यात व्हिटवर्थ आला तो रेल्वे आणि यंत्रशाळांबरोबर. गायकवाडांच्या राज्यात डभोई ते मियागाम ही अरुंद रुळांची गाडी १८६२ मध्ये बैलांनी ओढली जायची. वाफेची इंजिनं नंतर आली. १८९० मध्ये महाराज सयाजीरावांनी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा सुरू केली, त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख, आणि दादासाहेब फाळके तिथले विद्यार्थी. प्रतापनगरचं रेल्वे वर्कशॉप १९१९ चं. ब्रिटिश यंत्रं जिथे गेली तिथे व्हिटवर्थचे आटे गेले, आणि त्यांच्यासोबत त्यांचे पानेही.

हे पाने नवशिक्याला चकवतात. आजोबांच्या लाकडी पेटीत एका पान्यावर १/४ डब्ल्यू असं कोरलेलं होतं. मी पट्टी लावून बघितली तर त्याचं तोंड अर्ध्या इंचापेक्षा मोठं भरलं. ते माप पान्याच्या तोंडाचं नव्हतंच. पाव इंच जाडीच्या बोल्टला लागणारा पाना, असा त्याचा अर्थ; त्या बोल्टच्या डोक्याची रुंदी ०.५२५ इंच, म्हणजे १३.३ मिलिमीटर. आता याच्या शेजारी अमेरिकन पद्धतीचा अर्धा इंची पाना ठेवा, १२.७ मिलिमीटर, आणि मधे मेट्रिकचा १३. तिघांत एकूण ०.६ मिलिमीटरचा फरक. डोळ्याला कळत नाही, पण बोल्टच्या कोपऱ्यांना कळतं. १३ च्या बोल्टवर १३.३ चा पाना लावून जोर दिला की सहा कोपरे गोल होतात आणि साधा बोल्ट अडलेला होऊन बसतो. याउलट १९ मिलिमीटर आणि पाऊण इंच (१९.०५) बिनदिक्कत एकमेकांच्या जागी चालतात.

इंग्लंड-अमेरिकेतली ही फारकत महाग पडली ती दुसऱ्या महायुद्धात. रोल्स-रॉइसचं मर्लिन विमान इंजिन अमेरिकेत बनवायला घेतल्यावर पॅकार्ड कंपनीला ब्रिटिश आट्यांचे टॅप आणि डाय (आटे पाडायची हत्यारं) स्वतः तयार करावे लागले. युद्धानंतर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांचा सामाईक इंची आटा मान्य केला. युरोप आधीपासून मेट्रिक होता, तोही ६० अंशांचाच. भारताने १९५६ चा कायदा करून १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजन-मापं लागू करायला सुरुवात केली, पण रस्त्यावरच्या गाड्या कायद्याने बदलत नाहीत. मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली अँबॅसेडर इंची बोल्टची, फियाटवरून आलेली पद्मिनी मेट्रिक, बुलेट ब्रिटिश आट्यांची. १९८३ च्या मारुतीने मेट्रिक घरोघर नेलं. १९९० च्या दशकात अँबॅसेडरला जपानी इसुझू इंजिन मिळालं तेव्हा एकाच बॉनेटखाली दोन घराणी नांदू लागली: इंजिनाला मिलिमीटरचा पाना, बाकी गाडीला इंचाचा. त्या गाड्यांचं काम करणाऱ्यांनी दोन्ही सेट बाळगले.

घराणं ओळखायच्या खुणा डोक्यावरच असतात. ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतील तर बोल्ट मेट्रिक, आणि तो आकडा त्याच्या ताकदीचा. मध्यातून निघालेल्या तीन किंवा सहा रेघा असतील तर अमेरिकन इंची. जुन्या ब्रिटिश गाड्यांत एकमेकांना चिकटलेली वर्तुळं दिसली तर १९४८ नंतरचा सामाईक आटा.

आता दिशेकडे. जगातले बहुतेक आटे उजवे आहेत, कारण बहुतेक माणसं उजवी आहेत आणि उजव्या हाताला मनगट बाहेर वळवून आवळणं जास्त जोराने जमतं. ओळखायला सोपं: बोल्ट उभा धरा, समोरचे आटे डावीकडून उजवीकडे चढत गेले तर सुलटे, उजवीकडून डावीकडे चढले तर उलटे.

उलटे आटे कुणी लहर म्हणून पाडलेले नाहीत. सायकलचं डावं पेडल घ्या. बेअरिंगचं घर्षण बघितलं तर उलट्या आट्यांचं डावं पेडल चालवता चालवता सुटायला हवं. प्रत्यक्षात पायाचा दाब दर फेरीला पेडलचा दांडा त्याच्या भोकात सगळीकडून घासत नेतो, दांडा भोकाच्या कडेने उलट्या दिशेला लोळत जातो, आणि हा परिणाम बेअरिंगच्या घर्षणापेक्षा भारी पडतो. म्हणून डाव्या पेडलला उलटे आटे. गाड्यांच्या डाव्या चाकांचे नट सैल होतील ही भीतीही याच जातीची होती. विलिसच्या जीपला, क्रायस्लरच्या मोटारींना आणि कित्येक ट्रकांना म्हणूनच डाव्या बाजूला उलटे आटे दिले गेले. आपल्याकडे महिंद्राने विलिसच्याच जीप जुळवायला घेतल्या, तेव्हा ‘एल’ कोरलेले ते स्टडही आले. पुढे कळलं की निमुळत्या बैठकीचा नट नीट ताणाने आवळला तर तो कुठल्याही बाजूला टिकतो, आणि १९७० च्या दशकात क्रायस्लरनेही ते सोडलं. १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने कंपनयंत्रावर दाखवून दिलं की बोल्ट सर्वांत लवकर सुटतो तो आडव्या सरकण्याने. जोडलेले भाग एकमेकांवर घसरलेच नाहीत तर नट हलत नाही.

काही जागी उलटे आटे अजून आहेत आणि असायलाच हवेत. चाकं वळवणाऱ्या टाय रॉडच्या दोन टोकांना एक उलटा, एक सुलटा आटा असतो, त्यामुळे मधली नळी फिरवली की रॉड लांब किंवा आखूड होतो. वेल्डिंगच्या ॲसिटिलीन सिलिंडरला उलटा आटा आणि नटाच्या कोपऱ्यांवर खाचा असतात, ऑक्सिजनला सुलटा, म्हणजे घाईत नळ्यांची अदलाबदल होऊ नये. टेबलफॅनच्या पात्यांची चकतीसुद्धा बहुधा उलटीच.

दिशा आणि माप बरोबर असूनही बोल्ट हलत नाही, तेव्हा मामला गंजाचा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आट्यांमधल्या बारीक फटीत पाचर मारतो. बडोद्यातल्या विश्वामित्री नदीच्या २०१९ आणि २०२४ च्या पुरात बुडालेल्या गाड्या ज्यांनी उघडल्या, त्यांना हे सांगायला नको. वर रंग कोरा, आणि खाली एकही बोल्ट पान्याला ओळख देत नाही. त्यात भर म्हणजे साधा, निरोगी बोल्ट आवळतानासुद्धा आपल्या जोराचा जेमतेम दहावा भाग त्याला ताणण्यात जातो, उरलेला घर्षण खातं. गंजाने ते घर्षण आणखी वाढलं की सोडवताना बोल्ट फिरण्याआधी पिळवटतो. चौपट लांब पाइप म्हणजे चौपट पीळ.

म्हणून आधी तारेचा ब्रश, मग भेदक तेल, आणि रात्रभर वाट. आपल्याकडे रॉकेल वापरत. डब्ल्यूडी-४० हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, पण ते १९५३ मध्ये अमेरिकेत बनलं ते क्षेपणास्त्राच्या कवचावरून पाणी हटवायला. चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून ४०. ते चालतं, पण खास भेदक तेलं जास्त खोल उतरतात. मग हातोडीचे छोटे ठोके, बोल्ट किंचित आवळून पुन्हा सोडायचा प्रयत्न, पुढे मागे, पाव पाव वेढा. शेवटी आच. नट तापवायचा, बोल्ट नाही: १२ मिलिमीटरच्या नटाचं भोक ३०० अंशांनी तापलं की साधारण ०.०४ मिलिमीटरने मोठं होतं, आणि गंजाची पकड मोडायला बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पण ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्यांजवळ आच न्यायची नाही, आणि हवा भरलेला टायर चाकावर असताना चाकाच्या नटाला तर कधीच नाही. टायर फुटून माणसं गेली आहेत.

त्या दिवशी जीपला यातलं काहीच लागलं नाही. मिस्त्रीकाकांनी माझ्या हातातला पाइप काढून भिंतीला टेकवला, उरलेल्या चार नटांना नुसता पाना लावला आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, एकेका झटक्यात, चारही सोडले.