गप्प बसला म्हणजे रुळला नव्हे

चतुर्थीला आमच्या फोंड्याच्या घरी पाहुणे जमले की ठरलेलं नाटक होतं. मी पाळलेल्या सापांपैकी बॉल पायथन हातात दिला की आत्या म्हणते, "किती गुणी रे हा!" कॉर्न स्नेक दिला की, "घे बाबा परत, चिडलाय हा." दोन्ही वेळा चूक.

(आधीच सांगतो, दोन्ही परदेशी. मांडूळ, धामण, अजगर पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा "आमच्या कुळागरात सापडलेलं पिल्लू ठेवू का" हे मला विचारू नका.)

कॉर्न स्नेकचं लवकर उरकतं. अमेरिकेचा, सडपातळ, झाडावर चढणारा. हातात थांबतच नाही. एका तळव्यातून दुसऱ्यात वाहत राहतो, आपण फक्त पुढचा हात पुढे करत राहायचं. एकसारखा सरकतोय, जीभ आतबाहेर होतेय, तर तो जागा तपासतोय. चिडला असता तर मान मागे ओढून शेपटी थरथरवली असती.

खरा घोळ बॉल पायथनचा. आफ्रिकेतला, आखूड, जाडजूड. तळहातावर ओल्या वाळूच्या पिशवीसारखा बसतो. घाबरला की डोकं मधोमध दडवून चेंडू होतो, म्हणून तर हे नाव. म्हणजे ज्या पवित्र्याला लोक ‘शांत’ म्हणतात, तो भीतीचा. आणि सैलावलेला पायथनही बराच वेळ हलत नाही! नुसतं बघून कळणार कसं?

बघू नका, हाताला विचारा. सैल साप जड लागतो, त्याचं वजन बोटांमधल्या फटींत उतरतं. थोड्या वेळाने डोकं पुढे येतं, जीभ संथपणे लांब बाहेर पडते. तळवा हळूच तिरका करा, तो आपला विळखा बदलून तोल सावरेल. गोठलेल्याचं अंग लाकडासारखं ताठ. जीभ बंद, मान आखडलेली, श्वासाबरोबर बरगड्या भराभर हलतात. तळवा तिरका केलात तर तो आणखी घट्ट होतो. मनगटाभोवतीच्या त्या घट्टपणाला ‘मिठी’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. तो पडायला घाबरतोय, बाकी काही नाही. पार्टीत फोटोसाठी गळ्यात साप अडकवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

तिसरी एक फसवी शांतता आहे, एसीची. खोली गार केली की साप सुस्तावतो. त्याचं अंग बाहेरच्या उबेवर चालतं, स्वभावाचा इथे संबंध नाही.

त्यात एका जातीचे दोन साप सारखे नसतात. माझी मादी दुसऱ्या आठवड्यातच मांडीवर पसरली. नर वर्ष झालं तरी अनोळखी हातात चेंडू होतो. मादीसुद्धा कात टाकण्याआधी, डोळे दुधाळ निळे झाले की, आखडते. तेव्हा तिला उचलतच नाही. खाल्ल्यावरही निदान दोन दिवस नाही, नाहीतर ओकेल.

यंदाही आत्याने नरच मागितला. "तोच गुणी," म्हणाली. मी आत गेलो आणि मादी आणून दिली. तिला फरक कळला नाही, पण पाच मिनिटांनी म्हणाली, "आज जरा जड झालाय का रे?"