लढाई संपल्यावर पोहोचलेला कॅमेरा : क्रिमिया ते लखनौ

रशियाविरुद्ध ब्रिटन-फ्रान्सने लढलेल्या क्रिमियाच्या युद्धातले ब्रिटिश फोटोग्राफर रॉजर फेंटनचे फोटो चाळताना पहिली खटकणारी गोष्ट म्हणजे त्यांत लढाईच नाही. तंबू आहेत, बालाक्लावा बंदरातली जहाजं आहेत, पोज देऊन उभे अधिकारी आहेत. मार्च ते जून १८५५ मध्ये घेतलेल्या साडेतीनशेच्या वर फोटोंत एकही मृतदेह नाही. त्याला पाठवलं होतं मँचेस्टरच्या अॅग्न्यू या चित्रविक्रेत्यांनी, आणि त्यांना विकले जातील असे फोटो हवे होते. पण दोष तंत्राचाही होता.

तेव्हाची रीत ओल्या कलोडिअनची, म्हणजे ईथर आणि अल्कोहोलमधल्या एका चिकट द्रावणाची. घासून लख्ख केलेल्या काचेवर कलोडिअन ओतायचं, काच चारी कोपऱ्यांना कलती करून त्याचा एकसारखा थर द्यायचा. थर चिकटसर झाला की अंधारात तीन-चार मिनिटं सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात काच बुडवायची, म्हणजे थराला उजेड टिपता येतो. मग ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून काही सेकंद उजेड द्यायचा, लगेच डेव्हलप करायची, हायपोने (चित्र टिकवणाऱ्या रसायनाने) पक्की करायची. कलोडिअन ओतल्यापासून काच डेव्हलप होईपर्यंत हाताशी जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. थर सुकला की डेव्हलपर आत शिरत नाही, काच फुकट जाते. उन्हाळ्यात कलोडिअनमधलं ईथर इतक्या झपाट्याने उडतं की थर पसरण्याआधीच आळतो. धूळ बसली की निगेटिव्हवर ठिपके. फेंटनने दारूविक्रेत्याची जुनी घोडागाडीच डार्करूम केली होती. एवढा पसारा घेऊन धावता सैनिक टिपणार कसा? हलेल ते पुसट होणार. उरतं ते स्थिर: जमीन, भिंत, पोज दिलेला माणूस आणि प्रेत.

स्थिर गोष्ट हलवताही येते. २३ एप्रिल १८५५ ला फेंटनने एकाच दरीचे एकाच जागेवरून दोन फोटो घेतले. एकात तोफगोळे रस्त्याकडेच्या चरात आहेत, दुसऱ्यात रस्त्यावर विखुरलेले. उतारावरचे बारीक दगड दुसऱ्यात खाली सरकलेले दिसतात. म्हणजे मोकळ्या रस्त्याचा फोटो आधीचा. गाजला तो गोळ्यांचा.

लखनौच्या सिकंदर बागेचा, इटालियन-ब्रिटिश फोटोग्राफर फेलिचे बिआतोचा फोटो याच्याही एक पाऊल पुढे जातो. तिथे लढाई झाली १६ नोव्हेंबर १८५७ ला. सुमारे दोन हजार शिपाई मारले गेले. फोटो १८५८ च्या वसंतातला. पडझड झालेल्या इमारतीपुढच्या अंगणात कवट्या, बरगड्या पसरलेल्या. मागे काही माणसं आणि एक घोडा. तेव्हा लखनौत न्यायखात्याचे आयुक्त असलेल्या सर जॉर्ज कॅम्पबेलनी आठवणींत लिहिलंय की प्रेतं नीट झाकलेली होती, फोटोग्राफरने हट्टाने ती उघडी करवली. फोटोतही ते ताडता येतं: हाडं मोकळी, सुटी झालेली आहेत, ताज्या कत्तलीत अशी दिसत नाहीत. पण फोटोखालच्या ओळीत नोव्हेंबर १८५७ चा हल्ला आणि दोन हजार बंडखोरांची कत्तल एवढंच. मधले महिने गायब.

वर्तमानपत्रांना तेव्हा फोटो छापता येत नव्हते. इलस्ट्रेटेड लंडन न्यूजसारखी साप्ताहिकं फोटोवरून लाकडी ठोकळे कोरून घेत आणि कोरणारा हवं ते गाळी वा घाली. बिआतोचे प्रिंट मात्र थेट ग्राहकाच्या अल्बममध्ये जात. तिथे तो फोटो म्हणजे बंड मोडल्याची निशाणी होती. आज आपल्याकडे १८५७ वरच्या लेखनात तोच इंग्रजांच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून छापला जातो. दोन्हीकडे तारीख मात्र बहुतेकदा लढाईचीच असते.